मुहूर्त पुढे ढकलला

कांचीपुरमला गेलात की रिक्षावाला तुम्हाला आधी साड्यांच्या दुकानात नेतो, मग उंच गोपुरांच्या देवळांत. कैलासनाथाचं मंदिर गावाच्या पश्चिम टोकाला, जरा बाजूला आहे. गर्दी बेताची. वालुकाश्माच्या भिंती झिजलेल्या, खांबांना टेकून उभे असलेले सिंह नाक-डोळे गमावलेले. गाभाऱ्यात सोळा पैलूंचं काळं लिंग आहे आणि त्याच्याभोवती प्रदक्षिणेचा एक अरुंद बोळ. बोळाचं तोंड इतकं ठेंगणं, की पाठीवरची सॅक काढून आधी पुढे सरकवावी लागते, मग गुडघे टेकून आपण शिरायचं. गर्वाचं घर खाली म्हणतात. इथं दारच खाली केलेलं आहे. पुजारी सांगतो, वाकून आत जायचं आणि रांगत बाहेर यायचं, म्हणजे पुन्हा जन्माला आल्यासारखं.

तुम्ही शिरता. आत अंधार, दगडाचा गारवा, वटवाघळांचा वास. दुसऱ्या तोंडातून डोकं बाहेर काढता तर समोर पुजारी नाही. सॅक नाही. अंगात पँटऐवजी कमरेला जाडंभरडं धोतर आहे आणि कानावर आदळतोय तो शेकडो छिन्न्यांचा आवाज.

आठव्या शतकाचा पहिला चतुर्थांश. मघाशी झिजलेला पाहिलेला सिंह आता कोरा करकरीत आहे. त्याच्या आयाळीवर पांढऱ्या गिलाव्याचा हात फिरतोय. भाषा तुम्हाला कळते. काळाचा प्रवास करायचाच तर एवढी सवलत घेऊन टाकू.

उद्या सकाळी या मंदिराची प्रतिष्ठापना आहे. राजा नरसिंहवर्मन दुसरा. त्याला सगळे राजसिंह म्हणतात, आणि तो स्वतःला काय काय म्हणवतो ते भिंतीवरच वाचायला मिळतं. प्राकाराच्या भिंतीला आतून लागून अठ्ठावन्न छोट्या देवळ्या आहेत, आणि त्यांवर राजाची बिरुदं कोरलेली आहेत. श्रीभर. रणजय. अत्यंतकाम. शिवचूडामणि. आगमप्रिय. पुढे चालत जा, संपत नाहीत. दोनशेहून जास्त आहेत. काही बिरुदं तर एकाच ठिकाणी वेगवेगळ्या वळणांच्या लिपींत पुन्हा पुन्हा. देवाला प्रदक्षिणा घालायला निघालेल्या माणसाची राजालाच प्रदक्षिणा घडावी, अशी ही व्यवस्था.

हसू नका लगेच. या माणसानं केलेलं काम साधं नाही. त्याच्या आधीचे पल्लव राजे बहुतेक डोंगर पोखरून लेणी करत आले. मामल्लपुरमला समुद्राच्या काठावर दगडावर दगड रचून देऊळ उभं केलं ते यानं, आणि इथं राजधानीत त्याहून कितीतरी मोठं. खाली कठीण ग्रॅनाइटचा थर, वर कोरायला सोपा वालुकाश्म, त्यावर चुन्याचा गिलावा आणि रंग. राणी रंगपताकेनंही समोरच्या ओळीत एक छोटं देऊळ बांधून त्यावर स्वतःचा लेख कोरवून घेतला आहे. घरातल्या सगळ्यांनी हात लावलेलं काम आहे हे.

तुम्हाला एका पाथरवटाच्या हाताखाली दिलं जातं. म्हातारा आहे, उजव्या हाताच्या दोन बोटांची नखं कायमची काळी पडलेली, गळ्यात ओळंब्याची दोरी. (हा म्हातारा कुठल्या पोथीत नाही. तो मी घातला आहे, कारण पुढे मला त्याची गरज पडणार आहे.) तो तुम्हाला चुन्याच्या घाणीकडे पाठवतो. दगडी चाकाखाली विझवलेला चुना, वाळू, गूळ आणि हिरड्याचं पाणी एकत्र दळलं जातंय. बोटांत घेतलात तर लोण्यासारखा मऊ. म्हातारा मात्र तो हुंगतो आणि कपाळाला आठ्या घालतो.

“कच्चा आहे,” म्हणतो. “अजून मुरायला हवा होता. पण मुहूर्त आहे ना.”

दुपारी सावलीत सगळे भाताचे गोळे आणि ताक घेऊन बसतात. मिरची नाही, ती भारतात यायला अजून आठशे वर्षं आहेत. तिखटाला मिरी. तुमची जीभ आता सैल होते. पुढचं सगळं तुम्हाला ठाऊक आहे ना! तुम्ही म्हाताऱ्याला सांगता, की थोड्याच वर्षांत चालुक्यांचा दुसरा विक्रमादित्य कांची जिंकेल, पण हे देऊळ बघून लुटायचं सोडून देवाचं धन देवाला परत करेल आणि इथल्याच खांबावर कन्नडमध्ये तसं कोरून ठेवेल. त्याची राणी लोकमहादेवी पट्टदकलला असंच एक देऊळ बांधवून घेईल. आणि मग आमच्याकडे, वेरूळला, राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच घराण्यातला आराखडा घेऊन अख्खा डोंगर कोरेल. त्याचंही नाव कैलास.

म्हातारा शांतपणे ऐकतो. “पाया कुठं खणतील?”

“पाया नाहीच. वरून कोरत खाली येतील.”

“कळस आधी?”

“कळस आधी.”

तो तुमच्याकडे बराच वेळ बघतो, मग शेजारच्या पोराला म्हणतो, “याला उन्हातून आणलाय, पाणी दे.”

त्या रात्री राजाला स्वप्न पडतं.

हे स्वप्न म्हणजे काही माझी कल्पना नव्हे. बाराव्या शतकात, दुसऱ्या कुलोत्तुंग चोळाच्या काळात, सेक्किळार या कवीनं त्रेसष्ट शिवभक्तांची चरित्रं ‘पेरियपुराणम्’ या ग्रंथात लिहिली, त्यातलं आहे. म्हणजे घटनेनंतर चारशे वर्षांनी. मधल्या काळाची एक खूण सुंदरर या संतकवीच्या भक्तनामावळीत आहे. तिथं निन्रवूरच्या पूसलाराचा नुसता उल्लेख येतो. आणि आणखी एक खूण या मंदिराच्याच जोत्यावर संस्कृतात कोरली आहे: पूर्वीच्या युगांतल्या राजांना आकाशवाणी ऐकू येत असे, पण या कलियुगातही या राजाला ती ऐकू आली, हे आश्चर्य. कसली वाणी, काय म्हणाली, हे त्या लेखात नाही. ती जागा सेक्किळारनं भरली.

स्वप्नात शिव येऊन सांगतो ते असं: निन्रवूरमध्ये पूसलार नावाच्या माझ्या भक्तानं बरेच दिवस मनापासून खपून एक देऊळ बांधलं आहे. उद्या मी तिथं राहायला जाणार आहे. तुझं कार्य नंतर कर.

पहाटेआधी सगळ्या छावणीत गडबड उडते. मुहूर्त पुढे ढकलला. होम थंड, पाहुणे कोड्यात, आचारी रडकुंडीला आलेला. उद्याच्या जेवणासाठी भिजत घातलेल्या डाळींचं काय करायचं हा प्रश्न या कथेच्या कुठल्याही आवृत्तीत नाही, पण त्या रात्री तो कुणीतरी नक्की विचारला असणार.

राजाच्या जागी स्वतःला उभं करून बघा. हातात अख्खा तोंडैमंडळ मुलूख. स्वप्न फक्त त्यालाच पडलेलं. सांगितलं नसतं तर कुणाला कळलं असतं? किंवा त्याहून सोपं म्हणजे निन्रवूरला एक घोडेस्वार धाडायचा आणि त्या पूसलाराला कळवायचं, की तुझी प्रतिष्ठापना पुढच्या पक्षात ठेव. देवाला दोन्हीकडे जाता यावं म्हणून राजानं केलेली सोयच म्हटली असती लोकांनी. राजसिंह यातलं काहीच करत नाही. तो म्हणतो, घोडी काढा, मला ते देऊळ बघायचंय. सगळे पुढच्या साष्टांग नमस्काराचं कौतुक करतात. माझ्या मते खरा नमस्कार इथं, अंधारात, पलंगावरून पाय खाली टाकताना झाला.

अर्थात उत्सुकतेत थोडी असूयाही असणार. माझ्या देवळाहून मोठं असं काय बांधलंय त्यानं? म्हणून तर तो म्हाताऱ्या पाथरवटाला बरोबर घ्यायला सांगतो. पारखायला जाणता माणूस हवा. म्हातारा आयुष्यात पहिल्यांदा घोड्यावर बसतो, एका स्वाराच्या मागे, डोळे मिटून. तुम्ही दुसऱ्या घोड्यावर. कांची ते निन्रवूर, आजचं तिरुनिन्रवूर, पन्नास-साठ किलोमीटरची वाट. आज तिथं चेन्नईहून अरक्कोणमकडे जाणारी लोकल थांबते. तुमच्या वाटेवर मात्र पल्लवांचे तलाव आहेत, एकामागून एक, काठोकाठ भरलेले, आणि बांधावरून घोडी चालताना पहाटेच्या प्रकाशात भातखाचरं दिसू लागतात. मांड्या सोलवटून निघतात. स्वार हसतात.

वाटभर म्हातारा अंदाज बांधतोय. निन्रवूरला चांगला दगड नाही, म्हणजे गाडीनं आणला असणार. कुठल्या खाणीतून? एवढ्या गाड्या गेल्या तर आपल्याला पत्ता कसा नाही? कारागीर कुणाचे? कांचीचे सगळे हात तर आपल्याकडे अडकलेले. त्याच्या आवाजात आता राग आहे. बिरुदं राजाची असली तरी देऊळ आपलं आहे, असं त्याच्या मनात पहिल्या दिवसापासून पक्कं बसलेलं. दुसऱ्याचं देऊळ देवाला जास्त आवडलं हे राजानं पचवलं असेल. म्हाताऱ्याच्या घशाखाली ते उतरत नाही.

तुमचं काय? तुम्हाला तर गंमत वाटतेय. शेवट माहीत आहे. निन्रवूरला देऊळ नाही हे या शंभर-दोनशे माणसांत एकट्या तुम्हाला ठाऊक आहे. तुम्ही मनातल्या मनात आधीच पूसलाराच्या बाजूला जाऊन बसला आहात: राजाचा दगडी देखावा एकीकडे आणि गरिबाची आतली भक्ती एकीकडे, आपण अर्थात आतल्या बाजूचे. देवळात फारसं जात नाही, कर्मकांड मानत नाही, जे काय आहे ते मनात, असं तुम्ही चारचौघांत म्हणत आला आहात. तिथं बसल्यावर जरा उबदारही वाटतंय. ही ऊब लक्षात ठेवा, राजाच्या दोनशे बिरुदांहून ती फार वेगळी नाही.

निन्रवूर येतं. माडांची राई, तळं, विष्णूचं एक देऊळ, ब्राह्मणांची वस्ती. राजा विचारतो, पूसलारानं बांधलेलं देऊळ कुठं आहे? लोक एकमेकांकडे बघतात. पूसलारानं? देऊळ? असं काही बांधलेलं नाही, महाराज. गावात नाही, आसपासही नाही. मोठी माणसं पुढे येतात, तीही तेच सांगतात. पूसलार कोण, ते सगळ्यांना माहीत आहे. गरीब ब्राह्मण. त्याला खरंच देऊळ बांधायचं होतं. पैशासाठी तो दारोदार हिंडला. कुणी काही दिलं नाही, मग त्यानं विचारणं बंद केलं. सांगताना दोघातिघांच्या नजरा खाली जातात, कारण विचारलं होतं ते त्यांनाच.

लोक म्हणतात, त्याला बोलावून आणतो. राजा म्हणतो नको, मीच जातो.

पूसलार ओट्यावर बसला आहे. डोळे मिटलेले नाहीत. अर्धवट उघडे, समोर कुठंतरी लागलेले. हातांची बोटं बारीक हलताहेत. धोतर धुवट पण ठिगळ लावलेलं. राजा, त्याच्या मागे सरदार, मागे घोडी, त्यांच्या मागे आख्खं गाव. तो उठायला लागतो. राजा वाकून नमस्कार करतो आणि विचारतो: आपण बांधलेलं देऊळ कुठं आहे? आज तिथं देवाची प्रतिष्ठापना होणार म्हणून त्यानं मला सांगितलं. मी आपल्या दर्शनाला आलो आहे.

आता पूसलाराच्या चेहऱ्याकडे बघा. यासाठीच तुम्ही एवढ्या लांब आला आहात.

पैसे न दिलेलं गाव समोर उभं. राजा हात जोडून उभा. देवानं स्वतः साक्ष दिलेली. एखाद्याच्या चेहऱ्यावर या क्षणी जे येईल ते येत नाही. येतं ते घाबरणं. आणि संकोच, चोरी पकडली गेल्यासारखा. सेक्किळार सांगतो, की तो चकित होऊन भ्याला आणि म्हणाला, मलाही एक माणूस समजून देवानं हे सांगितलं की काय! मग बाहेर देऊळ बांधायला काही जमलं नाही, म्हणून मनात विचार करकरून कसं बांधलं, ते तो सांगतो.

लोकांना वाटतं, राजा चिडणार. स्वप्नातलं देऊळ बघायला पन्नास किलोमीटर घोडा पिटाळत आणलं की काय! राजा काही बोलत नाही. पण म्हाताऱ्याला राहवत नाही. तो पुढे होतो. दुखऱ्या मांड्यांनी वाकडा चालत ओट्याशी येऊन उभा राहतो आणि विचारतो, राजाच्या देखत, कुणाची परवानगी न घेता.

“पाया किती खोल घेतलात?”

पूसलार सांगतो. नुसता आकडा नाही. खाली काळी माती लागली, तिथं थांबलो नाही, आणखी खाली मुरूम लागेपर्यंत गेलो. पाया भरण्याआधी शुभ दिवस पाहिला. तो यायला बरेच दिवस होते, तोवर थांबलो.

“का थांबलात? मनातलं देऊळ. मनातला दिवस आज म्हटला की आज.”

“तसं कसं,” पूसलार म्हणतो. “मुहूर्त माझा नाही ना.”

म्हातारा प्रश्नांमागून प्रश्न टाकतो. दगड कुठला, किती गाड्या, चाक मोडलं तेव्हा काय केलंत. सूत कुणी धरलं. गाभाऱ्याच्या भिंतीचा ओळंबा जुळला का. एकदा जुळला नव्हता, पूसलार सांगतो, दोन थर उतरवून पुन्हा चढवले. विहीर कधी खणली? सगळ्यात आधी, चुन्याला पाणी लागणार होतं. तळं? ते मागाहून, माती भिंतीच्या भरावाला वापरली. अभिषेकाचं पाणी कुठून काढलं? उत्तरेकडून, दगडी पन्हाळीनं. रात्री काम चाललं का? चाललं. झोप लागत नव्हती.

गाव ऐकतंय. तुम्हीही. आणि तुमच्या लक्षात येतं, की हा माणूस आठवून सांगत नाहीये, बघून सांगतोय. मनात सोन्याचा कळस फुकट मिळतो. एका क्षणात सहस्र खांबांचा मंडप उभारता येतो, राजाच्या देवळाच्या दुप्पट. त्यानं तसं काही केलेलं नाही. गावाला शोभेल एवढंच लहान देऊळ. चुकलेला थर उतरवून पुन्हा रचला, कुणी बघणारं नसताना. हे तुम्ही कराल? आपल्याकडे आद्य शंकराचार्यांच्या नावावर असलेली शिवमानसपूजा कितीतरी घरांत रोज म्हटली जाते. रत्नांचं आसन, थंडगार पाण्याचं स्नान, सगळं मनानं द्यायचं. म्हणायला मोजून दोन मिनिटं लागतात. ती देतो आपण, की नुसती म्हणतो?

करून बघा. इथंच ओट्याच्या बाजूला, प्रश्नोत्तरं चालू असताना, डोळे मिटा. एक दगड आणा. खाणीतून सुटा झालेला, एका बाजूला पाचरीच्या खुणा असलेला. बाजू सारख्या करा. गुण्या लावा. हं, तो बसवा. दुसरा. दुसऱ्यासाठी पहिल्याचा माथा आठवायला हवा. कुठं होता तो? तेवढ्यात घरचा गॅस बंद केला होता का हे आठवतं, कुणी पाठवलेला फोटो आठवतो, आणि कुणाला तरी हे सांगितलं पाहिजे, की आठव्या शतकात निन्रवूरला बसून मी मानसपूजा केली, हेही मनात येऊन जातं. तिसरा दगड आलाच नाही.

आतली भक्ती म्हणजे बाहेरच्या खटाटोपातून सुटका, असं तुम्हाला वाटत होतं. ती सुटका नव्हतीच. बाहेरच्या कामाला निदान मजूर मिळतात, आतल्या कामाला तुम्ही एकटे. बाहेरच्या कामाचं कौतुक होतं म्हणून हुरूप टिकतो. आत कौतुक करणारं कुणी नाही, आणि केलंत तर स्वतःचं स्वतःच. तिथंच सगळं नासतं. पूसलारानं इतकी वर्षं कुणाला काही सांगितलं नव्हतं. गावातल्या ज्यांनी पैसे नाकारले त्यांनाही नाही. टोमणा म्हणूनसुद्धा नाही. राजानं विचारलं म्हणून सांगतोय, आणि तेही मान खाली घालून.

आणि राजाला देवानं काय सांगितलं होतं ते नीट आठवा. तुझं देऊळ नको असं नाही. उद्या येणार नाही, नंतर येईन, एवढंच. दगडाचा राग देवाला नव्हता, तो तुम्हालाच आला होता.

म्हाताऱ्याचे प्रश्न आता हळू येताहेत. शेवटचा विचारतो.

“गिलावा केलात?”

“केला. बाहेरून पांढरा.”

“चुना किती दिवस मुरवलात?”

पूसलार सांगतो. म्हातारा गप्प. मग पूसलार उलट विचारतो, अगदी आस्थेनं, एका बांधणाऱ्यानं दुसऱ्याला विचारावं तसं: “तुमच्याकडे किती दिवस ठेवता?”

म्हातारा राजाकडे बघतो. मग जमिनीकडे. “एवढे नाही ठेवले,” म्हणतो. “मुहूर्त जवळ होता.”

राजा पूसलारापुढे साष्टांग नमस्कार घालतो. मुकुटाची माळ जमिनीला लागते, माती चिकटते. गाव त्याच्यामागे वाकतं. म्हातारा वाकत नाही लगेच. तो आधी ओट्याच्या कडेला हात लावून बघतो, तिथं नसलेल्या भिंतीच्या पायरीला लावावा तसा, मग वाकतो. पूसलाराला मात्र या सगळ्याची अडचण होतेय. तो आर्जवानं हात हलवतो: प्रतिष्ठापनेची वेळ भरत आलीय, अजून गाभाऱ्यात बरंच करायचं आहे. राजाला उठवायचं कसं, हा त्याच्यापुढचा खरा पेच.

राजा परत निघतो. पूसलारानं ठरलेल्या वेळी देवाची स्थापना केली आणि पुढे रोज त्या देवळात पूजा करत राहिला, एवढंच सेक्किळार सांगतो. रोज, म्हणजे रोज कालचं निर्माल्य काढायचं, पाणी भरायचं, दिवा घासायचा. आज त्या गावात हृदयालीश्वर नावाचं खरंखुरं देऊळ आहे, पूसलाराच्या मूर्तीसकट. हृदयविकाराचे रुग्ण तिथं दर्शनाला जातात. दगडाचं देऊळ शेवटी झालंच. बांधलं मात्र दुसऱ्यांनी.

कांचीला पोचता पोचता रात्र. म्हातारा उतरतो तो थेट मंदिराकडे, कंदील घेऊन. भिंतीवरून हात फिरवतो, एका सिंहाच्या मानेवर नखानं टोकरून बघतो. राजज्योतिषी नवा मुहूर्त काढणार, त्याला निदान काही आठवडे जातील. तो बोटांवर मोजतो, पुन्हा मोजतो. मग झोपलेल्या पोरांना लाथेनं उठवायला लागतो. चुना ओला ठेवायचा तर रात्रीसुद्धा पाणी मारलं पाहिजे, दक्षिणेच्या बाजूपासून, तिथं ऊन जास्त लागतं. शिव्या देतो, पण आवाजात खुशी आहे. इतके दिवस मिळतील असं त्याला स्वप्नातही वाटलं नव्हतं. सगळे उठतात. विहिरीवर रांग लागते.

तुम्ही अजून मांड्या चोळत उभे आहात. काहीतरी सांगायला तोंड उघडता, विक्रमादित्याचं, नाहीतर वेरूळचं. म्हातारा तुमच्याकडे न बघताच एक घागर तुमच्या हातात कोंबतो.

“तू, कळस आधीवाला. दक्षिणेची भिंत. खालून वर मार, वरून खाली नको.”